कुंकू लावलेला डबा

माझ्या आत्याचे धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, रेकॉर्ड करायला म्हणून भावकीनं मिळून एक यंत्र घेतलं. ते मी माझ्या घरच्या हॉलमध्ये गाणी ऐकायला लावलं, आणि बिघडलंय असं सगळ्यांना सांगत राहिलो. हे आधीच लिहून टाकतो. पुढं लिहिताना मला स्वतःची बाजू घ्यायचा मोह होईल. तसा झाला, तर वाचणाऱ्यानं ही सुरुवात लक्षात ठेवावी.

आत्या वळ गावात धवलारीण आहे. आमच्याकडे पूर्वी लग्न भटजीशिवायच लागायचं. मांडव पडल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला धवलारीण गाते. देवांना एकेक करून मांडवात बोलावते, नवरानवरीनं काय करायचं तेही गाण्यातूनच सांगते. लिहिलेलं काही नसतं. आणि हे एकटीचं काम नाही. एक पुढं बोलते, दुसरी मागून झेलते. पुढचीचा श्वास संपायच्या आत मागची ती ओळ उचलते, आणि ती संपायच्या आत पुढची दुसरी ओळ टाकते. मध्ये फट राहत नाही.

आत्याच्या मागं झेलायला काकी असायची. समोरच्या घरातली. नात्यानं कुणाची काकी होती ते मला अजून माहीत नाही, सगळं गावच तिला काकी म्हणायचं. आत्या उंच, रागीट; काकी बुटकी, हसरी, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावणारी. दोघी लग्न करून एकाच वर्षी गावात आल्या आणि तेव्हापासून एकत्र गात होत्या.

हल्ली लग्नं हॉलमध्ये होतात, भटजी येतो, हळदीला डीजे लागतो. धवलारणीला बोलावतात, पण व्हिडिओत दिसावी म्हणून. एका पुतणीच्या लग्नात फोटोवाला आत्याला म्हणाला, “मावशी, जरा शॉर्टमध्ये घ्या ना.”

आत्या काही बोलायच्या आत मागून काकी म्हणाली, “तुझे लगनान घेन हां शॉर्ट. हलद लावून नवरी अर्ध्यावं सोरून जान.”

आजूबाजूचे सगळे हसले, फोटोवालाही हसला.  पण परत जाताना रिक्षात, खाडीवरचा पूल आला तेव्हा, आत्या म्हणाली, “आमचे मागं ह्या कोन बोलल रं? सुना ड्युटीवं जातान. त्यांना कवा शिकवू?”

तिथूनच रेकॉर्डिंगचं निघालं. काम माझ्याकडे आलं, कारण घरात आवाजातलं कळणारा मी. माझी नोकरी राहनाळच्या एका गोदामात, माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायची. पण तरुणपणी नवरात्रात मंडळाचं लाऊडस्पीकरचं काम मी बघायचो, आणि नंतर हा छंद घरात शिरला. टेमघरला माझ्या हॉलमध्ये माणसाच्या कमरेएवढे दोन स्पीकर आहेत. आमच्या इमारतीला लागून कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आहे, भिंतीतून खटखट चालू असते. त्यातही मी वीज जाऊन लूम थांबायची वाट बघत असे, आणि वीज गेली की माझी गाणीही बंद पडत. बायको यावर खूप हसायची.

आतेभावानं फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं होतं. दोघींचे आवाज एकमेकींत मिसळायचे, एकीची ओळ कुठं संपली आणि दुसरीची कुठं लागली ते कळायचं नाही. मी म्हणालो, दोघींना वेगळे माईक हवेत, आणि दोन्ही माईक वेगवेगळे नोंदवणारा ऑडिओ इंटरफेस हवा. इंटरफेस म्हणजे स्टुडिओत असतो तो डबा. माईकचे आवाज आत घेऊन कॉम्प्युटरला वेगवेगळे देतो, आणि कॉम्प्युटरमधले आवाज वेगवेगळ्या वाटांनी बाहेरही सोडतो.

इथं माझी पहिली लबाडी आहे. दोन बायकांना दोन माईकांचा लहान डबा पुरला असता. मी आठ वाटा आत आणि आठ वाटा बाहेर असलेला मोठा निवडला. भावांना सांगितलं, पुढंमागं ढोलकी लागेल, मांडवाचा आवाज वेगळा घ्यावा लागेल. त्यांनी विश्वास ठेवला. मला त्यातल्या बाहेर जाणाऱ्या वाटाच हव्या होत्या, आणि कशासाठी हव्या होत्या ते निवडतानाच माझ्या डोक्यात पक्कं होतं.

डबा आला तो वळ गावात, आत्याच्या ओट्यावर. मी खोका उघडतोय तोवर काकी समोरून हळदकुंकवाचा करंडा घेऊन आली.

“काकी, नको. आत जाईल, बिघडेल.”

“ट्रकला लावतान, लूमला लावतान, याला नको? देवाचा नाव जानार हाय याचेमधून. कोरा वापरतान का कुठं?”

तिनं डब्याच्या दर्शनी पत्र्यावर, आवाजाच्या मोठ्या बटणाशेजारी, बोट टेकवलं. आत्यानं अक्षता टाकल्या, त्या बटणाच्या खाचेत अडकल्या. आतेभाऊ म्हणाला, “आता याला बाशिंग बांधा.” काकी म्हणाली, “नवरी आन, बांधतंय.”

मी म्हणालो, घरी नेऊन कॉम्प्युटरला जोडून बघतो, पुढच्या रविवारी येतो.

माझ्या स्पीकरच्या पेटीत तीन-तीन स्पीकर आहेत. खर्जाचा मोठा, मधला, आणि वरच्या बारीक आवाजाचा छोटा, टोपणाएवढा. साधारणपणे एकच वायर पेटीत जाते आणि आतला सर्किटचा तुकडा आवाज तिघांत वाटून देतो. मी ते सर्किट काढून टाकलं. आवाज कॉम्प्युटरमध्येच वाटला, इंटरफेसच्या सहा वाटांनी बाहेर काढला, आणि प्रत्येक वाट स्वतंत्र अॅम्प्लिफायरला दिली. स्टुडिओच्या डब्याचा जोर घरच्या अॅम्प्लिफायरला जास्त होतो, म्हणून मध्ये तो कमी करणारे जोड बसवले. कुठूनतरी घरघर यायची, ती अर्थिंगची निघाली. सगळं जुळल्यावर मी एक जुनी ठुमरी लावली. गाणारी बाई दोन स्पीकरच्या मध्ये, भिंतीपुढं बसल्यासारखी ऐकू आली. ओठ उघडताना होणारा बारीक आवाजसुद्धा आला.

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायको म्हणाली, “घरात अॅम्प्लिफायर सहा, आणि मिक्सर एक, तोही बंद. चटणी पाट्यावर वाटते मी.” शेजारच्या लूमच्या कारखान्याच्या मालकानं फाटकात विचारलं, “भाईसाब, घर में शादी है क्या?” मी हसलो. त्या शब्दावर मला वळ आठवायला हवं होतं.

रविवार आला. डबा काढायचा म्हणजे सगळ्या वायरी सोडायच्या, आणि परत लावताना एक जरी वाट चुकली, खर्जाचा आवाज छोट्या स्पीकरला गेला, तर तो जळणार. मी आतेभावाला फोन करून सांगितलं, डब्यात काहीतरी बिघाड आहे, दुरुस्तीला दिलाय. तेव्हा मला खरोखरच वाटत होतं की ही एकाच रविवारची गोष्ट आहे.

पण वायरींचं कारण खरं नव्हतं. वायरी मी नंतर कितीदा हौसेनं काढून लावल्या. खरं हे, की डबा एकदा वळ गावात गेला की तो भावकीचा होईल, आतेभावाच्या कपाटात राहील, आणि परत माझ्याकडे येणार नाही, ही मला भीती होती. मग सबबी वाढत गेल्या. कधी सुटा भाग मागवलाय, कधी कंपनीचा माणूस सुट्टीवर आहे. कुणी खोदून विचारायचं नाही. आवाजातलं कळणारा मीच. नवे दोन्ही माईक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, माळ्यावर पडून होते.

आत्या भेटली की विचारायची, “काय रं बाला, आमचा डबा बरा झाला का?” आजारी माणसाबद्दल विचारावं तसं. मी म्हणायचो, “होतोय आत्या.”

एकदा दोघी भिवंडीत कुणाला दवाखान्यात बघायला आल्या होत्या, तिथून न सांगता माझ्या घरी आल्या. दार बायकोनं उघडलं. गाणं चालू होतं. मला उठून डब्यावर काही टाकायलाही वेळ मिळाला नाही. तो टीव्हीखालच्या फळीवर, अॅम्प्लिफायरच्या ओळीत होता, हिरवे दिवे नाचत होते. पुसल्यावर पत्र्यावरचं कुंकू निघालं होतं, पण बटणाभोवतीच्या खाचेतलं राहिलं होतं. बारीक तांबडी कड. मला ती रोज दिसायची, इतकी सवयीची झाली होती, की मला वाटायचं ती आता कुणाला दिसत नाही.

आत्या स्पीकरकडे बघून म्हणाली, “येवढ्या मोठ्या पेट्या? यान कापरं ठेवतंस का?”

मी तिला मधल्या खुर्चीवर बसवलं. तिनं ऐकलं आणि भिंतीकडे बोट केलं. “बाई तिथं बसलेय. बरोबर तिथं. बघ गो.”

काकी बघत नव्हती. ती फळीसमोर उभी होती, जरा वाकून. मग सरळ झाली आणि माझ्याकडे वळली. मी डोळे चुकवले.

“यातला आपला कंचा?” आत्यानं विचारलं.

“आपला दुरुस्तीला आहे. हे सगळे माझे जुने.”

मी काकीसमोर हे बोललो. काकी माझ्याजवळ आली, नेहमीसारखा दंडाला हात लावला आणि म्हणाली, “लय चांगला वाजतं रं पोरा. आमचा पन आसाच वाजल ना?”

“वाजेल काकी.”

“मंग झाला.”

बायकोनं पोहे केले. दोघींनी खाल्ले, आत्यानं स्पीकरवरून हात फिरवला आणि माझ्या डोक्यावरूनही. त्या गेल्यावर मी परत गाणं लावलं. थोड्या वेळानं बंद केलं. आठवडाभर लावलं नाही, आणि मग लावलं. हे सांगताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. आठवडाभरानं मी ते परत लावलं आणि ते तितकंच चांगलं वाजलं.

पुढच्या पावसाळ्यात काकी गेली. ताप आला, छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, ती परत आली नाही. आतेभावाचा फोन आला तेव्हा मी गोदामात एका ट्रकच्या मागं उभा होतो. मला पहिल्यांदा काकी आठवली नाही. मला फळीवरचा डबा आठवला.

तिच्या दिवसकार्याला वळ गावी गेलो. मी दारात बसून होतो. धवला हा लग्नाचा, दुःखाच्या घरी कुणी गात नाही, म्हणून तिचं गाणं त्या दिवशी कुणी काढलंही नाही. निघताना मात्र आतेभाऊ म्हणाला, “डब्याचं बघ ना रे. निदान आईचं तरी घेऊ. जे आहे ते.”

घरी येऊन मी वायरी सोडल्या. वेळ फार लागला नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. तिला सगळं माहीत होतं. मागं ती दोनतीनदा बोललीही होती, आणि मी तिच्यावर ओरडलो होतो. त्या दिवशी तिनं माळ्यावरून माईक काढून दिले, एवढंच.

आत्याच्या घरी जाऊन मी पुन्हा खोटं बोललो. “झाला दुरुस्त,” असं मी आतेभावाला सांगितलं. तो खूश झाला. आतल्या खोलीत चटई घातली, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. मी आत्यासमोर एक माईक लावला, आणि हात चालूच राहिले, शेजारी दुसराही लावला. लावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण काढायचं म्हटलं तर तेही तिच्या डोळ्यांसमोर काढावं लागलं असतं. मी तो तसाच ठेवला. आतेभावाला गावातल्या गोदामाकडून हाक आली, तो बाहेर गेला.

आत्यानं पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि पहिली ओळ टाकली. गणपतीला मांडवात बोलावण्याची. आवाज थकलेला, पण सुरात. ओळ संपली. ती थांबली. मान थोडी उजवीकडे गेली, काकी बसायची त्या बाजूला. मग तीच ओळ तिनं परत म्हटली, परत थांबली.

“आत्या, पुढची म्हण. नंतर जोडता येईल.”

“काय जोडशील?” ती चिडली. “पुढची माझ्याकरं न्हाय. मी गान्याची वल सोरतंय, ती उचलतं. ती उचलली का मना पुढची दिसतं. तिनी उचललीच न्हाय, मी बघू कुठं?”

तिनं आणखी प्रयत्न केला. हळदीचा धवला काढला, अर्ध्यावर सोडला. मांडवाचा काढला, त्यात दोन देव राहिले म्हणाली, कोणते ते आठवेना. मी कॉम्प्युटरकडे बघत होतो. आत्याच्या वाटेवर आवाजाची रेघ उठायची आणि आडवी पडायची. दुसऱ्या माईकच्या वाटेवर काही नव्हतं, आत्याचाच आवाज पुसटसा पोचत होता तेवढाच.

“ऱ्हाव दे,” ती म्हणाली. पाणी प्यायली. मग डब्याकडे सरकली, आणि बटणाभोवतीच्या तांबड्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. खाचेतून अक्षतेचा एक तुकडा निघाला, काळा पडलेला. तो तिनं तळहातावर घेतला.

“पत्रा पुसलास. याना पुसाय नख लागतं.”

मी कॉम्प्युटर बंद केला.

“तुझे घरी तिनी बघितला. रिक्षान बसल्यावं मना बोलली. मी उतरून परत येनार होतू, तुझे कानाखाली मारनार होतू. तिनी हात धरला. बोलली, पोराची बायको घरान हाय, तिचे देखत नको. त्याना लाज वाटल. आपला डबा हाय, वाजवल आन आनल. लय दिस न्हाय ठेवनार तो.”

ते ऐकताना मला कळलं की “आमचा पन आसाच वाजल ना” हे काकीनं मला विचारलं नव्हतं. मागितलं होतं. तिला जे मागायचं होतं ते तिनं माझी लाज राखून मागितलं, आणि मी म्हणालो होतो, वाजेल काकी.

“आत्या,” मी म्हणालो, “डबा कधीच बिघडला नव्हता.”

“मना ठाव हाय.”

“मी रोज...”

“मना ठाव हाय बोलली ना? माझेपुढं काय रडतंस? मी तवाच शिव्या दिल्यान तुना, मनातल्या मनात. माझा झाला. तिचे घरी जा.”

मी तसाच उठलो. बाहेर आतेभाऊ ट्रकवाल्याला रस्ता दाखवत होता. “झालं रेकॉर्डिंग?” त्यानं विचारलं. मी त्याला म्हणालो, “नाही झालं. डबा इतके दिवस माझ्याच घरी होता, दुरुस्तीला नव्हता. आल्यावर तुला सगळं सांगतो. आधी समोर जाऊन येऊ दे.” तो माझ्याकडे बघतच राहिला. मागून ट्रकनं हॉर्न दिला.

काकीच्या ओट्यावर तिची सून तांदूळ निवडत होती. आत काकीचा नवरा खाटेवर बसला होता. लूमवर आयुष्य गेलेला माणूस, त्याला फार कमी ऐकू येतं. सून उठायला लागली. “या दादा, बसा. चाय ठेवतंय.”

“नको, तू बस. काकांनाही बाहेर बोलव.”

ते आले. मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि खाली अंगणात उभा राहिलो. काकांना ऐकू जावं म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं. शेजारच्या घरातल्या बायका दारात आल्या, समोरच्या ओट्यावर आत्या येऊन उभी राहिली. मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो.

“काका, काकीचा आवाज घ्यायला आपण जो डबा आणला होता, तो बिघडला नव्हता. मी खोटं सांगितलं. तो माझ्या घरी होता, मी त्यावर गाणी ऐकत होतो. काकीनं तो बघितला, तरी ती मला काही बोलली नाही. तिचा एक शब्दही मी घेतला नाही, आणि आता तो कुठूनही आणता येणार नाही. हे माझ्यामुळं झालं. दुसऱ्या कुणाची चूक नाही. तुमची, हिची आणि काकीची मी माफी मागतो.”

काकांनी कानामागं हात धरला होता. त्यांनी सुनेकडे बघितलं. ती खाली बघत होती. मग ते मला म्हणाले, “काय बोललास? परत बोल.”

मी ओट्याची पायरी चढलो, त्यांच्या कानाजवळ वाकलो, आणि सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.